परदेशात फोन: नंबर इथला, नेट तिथलं

(आजच्या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेल्या पुनरुक्ती तेवढ्या काढल्या आहेत.)

परदेशी जायचं ठरलं की तिकीट, व्हिसा, विमा, मेतकूट, लाडू, सगळ्याची यादी होते. फोनचा विचार मात्र विमानतळाच्या वाटेवर, टॅक्सीत सुरू होतो. तेव्हाही प्रश्न एकच असतो: "तिकडे नेट मिळेल ना?"

नेट मिळतं हो. हल्ली बहुतेक ठिकाणी मिळतं. अडतं ते दुसरीकडे. बँकेतून पैसे पाठवायचे असतात, कार्डाने बुकिंग करायचं असतं, आणि ओटीपी जातो घरी कपाटात राहिलेल्या सिमवर. म्हणून आजच्या भागातली एकच गोष्ट लक्षात ठेवा. तुमचा फोन दोन वेगळी कामं करतो. एक, तुमचा नंबर म्हणजे तुमची ओळख. दोन, इंटरनेट. ही दोन कामं वेगळी केली की खर्चही कमी होतो आणि डोक्याचा तापही.

आधी नंबर

बँक, आधार, पेन्शन, गॅस, सगळीकडे तुमचा भारतातला नंबर दिलेला असतो. त्यामुळे ते सिम फोनमध्येच राहू द्या आणि त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या. हे काम निघण्यापूर्वी, इथे असतानाच करायचं. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, म्हणजे ओटीपी फुकट येतो. पण त्यासाठी कुठला पॅक लागतो का, हे कंपनीला आधी विचारून घ्या. येणारा कॉल मात्र उचललात की मीटर सुरू! "नंतर व्हॉट्सॲपवर बोलू" असं सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

यूपीआयचंही एक बघा. यूपीआय ॲप नव्या फोनवर सुरू करताना ते तुमच्या सिमवरून बँकेला एक एसएमएस पाठवतं. परदेशात तो एसएमएस गेला नाही तर ॲप सुरूच होत नाही. त्यामुळे नवा फोन घेतला असेल तर ॲप इथेच सुरू करून बघा, आणि तिकडे गेल्यावर उगाच काढून परत टाकू नका.

आता आई-बाबा मुलीकडे अमेरिकेला सहा महिने निघालेत असं धरा. इथे खरी गोम आहे. समजा त्यांचं रिचार्ज ८४ दिवसांचं आहे. ते संपलं की काही दिवसांत येणारे एसएमएस बंद. मग रिचार्ज करायला कार्ड वापरलं तर त्याचा ओटीपी येणार त्याच बंद पडलेल्या नंबरवर! अडकलो ना?

शिवाय प्रीपेड नंबरवर सलग ९० दिवस कॉल, मेसेज, डेटा असा कुठलाच वापर झाला नाही, तर कंपनी तो नंबर बंद करू शकते. ट्रायच्या नियमात ग्राहकाला थोडं संरक्षण आहे. खात्यात २० रुपये किंवा जास्त शिल्लक असेल तर ठरावीक शुल्क कापून नंबर राखला जातो. पण नंबर राखला जाणं वेगळं आणि त्यावर ओटीपी येणं वेगळं. आणि बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्या कुणाला दिला जातो, म्हणजे तुमच्या बँकेचे मेसेज एखाद्या अनोळखी माणसाकडे जाऊ शकतात.

उपाय सोपा आहे. निघण्यापूर्वी मोठ्या मुदतीचं रिचार्ज करा. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले पॅक देणं बंधनकारक केलं आणि अशा पॅकची कमाल मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेली. आपल्याला हेच हवंय, कारण या सिमवर नेट वापरायचंच नाहीये. आणि इथल्या कुणालातरी, भावाला, शेजाऱ्यांना, मुदत कधी संपते ती तारीख सांगून ठेवा. वेळ आली तर ते इथून रिचार्ज मारतील.

आता नेट

नेटचे तीन मार्ग आहेत.

पहिला, आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक. सगळ्यात बिनत्रासाचा, पण दिवसाच्या हिशेबाने बहुधा महाग. चार-पाच दिवसांच्या कामाला ठीक. मात्र पॅक न घेता डेटा चालू राहिला तर काय होतं, याचा हिशेब करू. समजा एका एमबीला १० रुपये दर आहे. एक जीबी म्हणजे १,०२४ एमबी. झाले १०,२४० रुपये! आणि एक जीबी फोटोंचा बॅकअप आणि ॲपचे अपडेट तुम्हाला न विचारता संपवतात.

रोमिंगचा एक फायदा आहे. रोमिंगमध्ये तुमचा डेटा सहसा परस्पर तिथल्या इंटरनेटवर जात नाही, आधी तुमच्या मूळ कंपनीकडे येतो. म्हणून चीनमध्ये तिथलं सिम घेतलंत तर गुगल, व्हॉट्सॲप चालत नाही, पण भारतीय सिमच्या रोमिंगवर बहुतेक वेळा चालतं.

दुसरा मार्ग, तिथलं सिम. बँकॉक, सिंगापूरच्या विमानतळांवर पर्यटकांसाठीच्या सिमचे काउंटर असतात. पासपोर्ट दाखवायचा, सिम घ्यायचं. महिनोन्‌महिने राहणाऱ्यांना हाच मार्ग परवडतो, कारण तिथला नंबरही मिळतो. मुलांनी आधीच त्यांच्या फॅमिली प्लॅनमध्ये आई-बाबांची लाइन जोडली तर आणखी सोपं.

तिसरा, ई-सिम. यात प्लॅस्टिकचं कार्ड नसतं. इथे बसून विकत घ्यायचं, क्यूआर कोड स्कॅन करायचा, झालं. भारतीय सिम आपल्या जागी राहतं आणि नेट ई-सिमवर चालतं, म्हणून आठ-पंधरा दिवसांच्या सहलीला हा मार्ग उत्तम. फोनला ई-सिम चालतं का, हे बघायला *#०६# डायल करा. ईआयडी नावाचा नंबर दिसला तर सहसा चालतं. ई-सिम घरच्या वायफायवर टाकून ठेवा, आणि चुकून डिलीट करू नका. तोच कोड बहुतेक वेळा दुसऱ्यांदा चालत नाही.

युरोप टूरवाल्यांनी इथे कान द्या. १५ जून २०१७ पासून युरोपियन युनियनमध्ये एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा पैशाशिवाय चालतं. पॅरिसला घेतलेलं सिम रोममध्ये चालेल. पण स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही आणि ब्रिटन आता बाहेर पडलंय. आपल्याकडच्या टूरमध्ये तर स्वित्झर्लंड हमखास असतं! सिम घेताना देशांच्या यादीत ही दोन नावं आहेत का, ते बघूनच पैसे द्या.

सेटिंग, म्हणजे खरी परीक्षा

विमानातून उतरण्यापूर्वी तीन गोष्टी करा. मोबाइल डेटासाठी नवं सिम किंवा ई-सिम निवडा. भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद करा. एका सिमचं नेट गेलं की आपोआप दुसऱ्यावर जाण्याची जी सोय असते, तीही बंद करा.

आता गोंधळ इथे होतो. पुष्कळ प्रवासी ई-सिम स्वतःच रोमिंगवर चालतात. त्यामुळे त्या ई-सिमचं डेटा रोमिंग चालू लागतं. लोक घाबरून दोन्हीकडचं बंद करतात आणि मग "नेटच येत नाही" म्हणून विमानतळावर बसून राहतात. लक्षात ठेवा: भारतीय सिमचं बंद, ई-सिमचं चालू.

विमानात आणि क्रूझवर फोन फ्लाइट मोडवरच ठेवा. काही विमानांत आणि जहाजांवर स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं. फोन आपसूक त्याला जोडला जातो आणि तिथले दर जमिनीवरच्यापेक्षा चढे असतात.

फोन फार जुना असेल तर अमेरिकेसाठी एक तपासा. तिथल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केलं. व्हीओएलटीई नसलेल्या फोनवरून साधा कॉलसुद्धा लागणं कठीण. आणि तिथला तातडीचा नंबर ९११, युरोपात ११२. आई-बाबांना हे कागदावर लिहून द्या, मुलीचा नंबर आणि घराचा पत्ताही. बॅटरी संपली की कागदच उपयोगी पडतो.

तर मंडळी, नंबर इथला जिवंत ठेवा, नेट तिथलं घ्या. कुणी निघालं असेल तर त्यांना हा भाग ऐकवा, आणि आजच त्यांच्या रिचार्जची तारीख बघा. भेटू पुढच्या भागात!