एचआयव्हीचे पहिले आठवडे काहींनाच इतके जड का जातात?

एचआयव्ही शरीरात शिरला की पहिले आठ-दहा दिवस काहीच जाणवत नाही. विषाणू शिरला तिथेच आसपास वाढत असतो. रक्तात तो सापडतही नाही.

मग तो रक्तात उतरतो आणि आतड्याच्या अस्तरावर तुटून पडतो. रोगप्रतिकारशक्तीची सूत्रे हलवणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे सीडी४ पेशी, तिथे दाटीने असतात. दोन-तीन आठवड्यांत त्यांची धूळधाण उडते. एक मिलिलिटर रक्तातल्या विषाणूंची संख्या दहा लाखांच्या वर जाऊ शकते.

याच सुमारास अनेकांना ताप येतो, घसा धरतो, पुरळ उठते, मानेत गाठी येतात. नेमका इथे घोटाळा होतो. पावसाळा असला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून विषय संपतो. चाचणी केलीच, तरी साधी चाचणी शोधते प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिने. ती अजून पुरेशी तयार नसतात, म्हणून अहवाल ‘निगेटिव्ह’! आपण त्यावर विसंबू नये. धोका कधी घडला ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. विषाणूची आरएनए चाचणी लवकर उत्तर देते.

पुढे सीडी८ या दुसऱ्या पांढऱ्या पेशी बाधित पेशींना मारू लागतात आणि विषाणू खाली येतो. हा लढा सगळ्यांचा सारखा नसतो. बाधित पेशी विषाणूचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडते. कोणते, हे आईवडिलांकडून आलेल्या एचएलए जनुकांवर ठरते. या जनुकांचा बी-५७ किंवा बी-२७ हा प्रकार असेल तर विषाणूला सहज बदलता न येणारे तुकडे पुढे येतात, म्हणून तो सहज निसटत नाही. बी-३५ च्या काही प्रकारांत आजार वेगाने वाढतो.

विषाणूही एकसारखे नसतात. बहुतेक सीसीआर५ या दारातून पेशीत शिरतात. काहींना सीएक्ससीआर४ हे दुसरे दारही उघडते. २००५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णाच्या विषाणूला दोन्ही दारे खुली होती, बरीच औषधेही त्याला लागू पडत नव्हती. फार थोड्या काळात त्याला एड्स झाला. वृत्तपत्रांनी ‘महाविषाणू’ म्हणून गहजब केला, तो जरा अतीच होता. २०२२ मध्ये नेदरलँड्समध्ये व्हीबी हा प्रकार नोंदला गेला. त्यात सीडी४ दुप्पट वेगाने घटत होत्या. उपचार मात्र त्यावरही चालतात.

निदानात आणखी एक चूक होते: या पहिल्या आठवड्यांत सीडी४ तात्पुरत्या खूप घसरतात. एकाच आकड्यावरून एड्स झाला असे आपण समजू नये. भारतात २०१७ पासून आकडा कितीही असो, एआरटी म्हणजे विषाणूरोधक उपचार लगेच सुरू करतात. सरकारी केंद्रांत ते मोफत मिळतात.

आणि धोका नुकताच घडला असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठावे. तेव्हा सुरू केलेला २८ दिवसांचा औषधक्रम संसर्ग टाळू शकतो.