परदेशात भाड्याने गाडी घेताय? किल्लीसोबत कोणती जबाबदारी येते, ते आधी समजून घ्या

गोव्यात उतरल्यावर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची गाडी घ्यायची आणि निघायचं, हे आपल्याला सवयीचं आहे. आता तीच सवय घेऊन आपण न्यूझीलंड, इटली, आइसलँड, दुबईला जातोय. रील्समध्ये मोकळा रस्ता, डोंगर आणि गाणं दिसतं. वेबसाइटवर दिवसाचं भाडंही परवडणारं दिसतं.

पण रोजचं भाडं हा या व्यवहारातला सगळ्यात छोटा आकडा असतो. मोठा आकडा करारात असतो. गाडीला, समोरच्याला किंवा तुम्हाला काही झालं, तर पैसे कोण देणार, हे तिथे ठरलेलं असतं. आणि तुमच्या दोन-तीन साध्या चुका तो सगळा भार तुमच्या अंगावर टाकू शकतात.

आपलं लायसन्स तिकडे चालतं का?

काही देशांत चालतं. ब्रिटनमध्ये पर्यटक म्हणून गेलात तर भारतीय लायसन्सवर १२ महिन्यांपर्यंत कार चालवता येते. न्यूझीलंडमध्येही इंग्रजीत असलेलं वैध परदेशी लायसन्स चालतं. मात्र जपान, इटली, दुबई अशा ठिकाणी त्यासोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, म्हणजे आयडीपी लागतं.

भारतात हे परमिट आरटीओ देतं. ‘सारथी’ पोर्टलवरून अर्ज करता येतो. त्यासाठी फॉर्म ४ए आहे, फी १,००० रुपये आहे आणि परमिट जास्तीत जास्त एक वर्ष चालतं. लर्निंग लायसन्सवर ते मिळत नाही. ऑनलाइन ‘इंटरनॅशनल लायसन्स’ विकणाऱ्या खासगी साइट्सपासून लांब राहा. तिथे मिळणाऱ्या पुस्तिकेला कायद्यात किंमत नाही.

आता यातली खरी मेख. आयडीपी एकाच प्रकारचं नसतं. भारतात मिळणारं परमिट १९४९ च्या जिनिव्हा करारातल्या नमुन्याचं असतं. जपान तेच मानतो, त्यामुळे तिथे अडचण नाही. व्हिएतनाम मात्र १९६८ च्या व्हिएन्ना करारातलं परमिट मानतो. म्हणजे हनोई किंवा दा नांगमध्ये दुकानदार हसतमुखाने स्कूटरची किल्ली देतो, तेव्हा कायद्याने तुम्ही विनालायसन्स गाडी चालवत असता. पोलिसांचा दंड तर आहेच. पण अपघात झाला तर विमा कंपनी आधी याच मुद्द्यावर बोट ठेवते. चीन तर कुठलंच आयडीपी मानत नाही.

परमिट हा लायसन्सचा अनुवाद असतो, पर्याय नाही. म्हणून मूळ प्लॅस्टिक कार्ड सोबत हवंच. डिजिलॉकर भारतात चालतं, परदेशातल्या काउंटरवर नाही.

काउंटरवर अडतं ते कार्डावर

बहुतेक कंपन्या गाडी देताना क्रेडिट कार्डावर ठरावीक रक्कम ‘ब्लॉक’ करतात. ती कापली जात नाही, पण गाडी परत करेपर्यंत वापरता येत नाही. कार्ड मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं लागतं. गाडी मुलगा चालवणार आणि कार्ड वडिलांचं, असं असेल तर आगाऊ बुकिंग असूनही गाडी नाकारली जाऊ शकते. डेबिट कार्ड अनेक ठिकाणी घेत नाहीत. ड्रायव्हर २५ वर्षांखालचा असेल, तर बऱ्याच ठिकाणी जादा आकार लागतो.

युरोपात साधारणपणे स्वस्तातली गाडी गिअरची असते. तुम्ही ऑटोमॅटिकच चालवत असाल, तर बुकिंग करतानाच तसं निवडा.

‘विमा समाविष्ट आहे’ म्हणजे नेमकं काय?

जाहिरातीत ‘सीडीडब्ल्यू समाविष्ट’ असं लिहिलेलं असतं. आपण समजतो, फुल इन्शुरन्स आहे. पण याचा अर्थ इतकाच की, गाडीच्या नुकसानीसाठी तुमची जबाबदारी एका मर्यादेपर्यंत असेल. त्या मर्यादेला ‘एक्सेस’ म्हणतात. आपल्याकडे कारच्या क्लेममध्ये सुरुवातीचे १,००० किंवा २,००० रुपये मालकाला भरावे लागतात, तसंच हे. फक्त तिकडे रक्कम खूप मोठी असते.

उदाहरण घेऊ. समजा, एक्सेस १,५०० युरो आहे. पार्किंगमध्ये दार घासलं आणि दुरुस्ती ६०० युरोची निघाली, तर पूर्ण ६०० तुम्ही भरणार. गाडीचा चुराडा झाला आणि नुकसान २०,००० युरोंचं असेल, तर तुम्ही १,५०० भरणार, बाकी कंपनी बघेल.

पण तुमच्याकडून कराराचा भंग झाला असेल, तर हे संरक्षण जाऊ शकतं आणि २०,००० चे २०,००० तुमच्याकडून मागितले जाऊ शकतात. भंग कशाने होतो?

– करारात नाव नसलेल्या माणसाने गाडी चालवली. ‘तू दमलास, थोडा वेळ मी घेतो’, इतक्यानेही.
– दारू पिऊन चालवली.
– बंदी असलेल्या रस्त्यावर नेली. आइसलँडमध्ये ‘एफ’ अक्षराने सुरू होणारे डोंगरी रस्ते फक्त फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांसाठी आहेत.
– परवानगी न घेता दुसऱ्या देशात नेली.

याशिवाय टायर, काच, छत आणि गाडीचा खालचा भाग अनेक पॉलिसींमध्ये मुळातच वगळलेला असतो. आइसलँडमध्ये नदी ओलांडताना इंजिनात पाणी गेलं किंवा वाऱ्याने दार उलटं फिरलं, तर साध्या विम्यातून सहसा काही मिळत नाही. पेट्रोलच्या गाडीत डिझेल भरलं, तर तो खर्चही बहुतेक वेळा तुमचाच. पंपाच्या नळीच्या रंगावर जाऊ नका, रंग देशागणिक बदलतात. युरोपियन युनियनमध्ये झाकणाजवळची खूण पाहा: गोलातलं ‘ई’ म्हणजे पेट्रोल, चौकोनातलं ‘बी’ म्हणजे डिझेल.

म्हणून काउंटरवर चार प्रश्न विचारा. एक्सेस किती? काय वगळलंय? दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव घातलंय का? समोरच्या माणसाला इजा झाली, तर कव्हर किती? शेवटचा प्रश्न आपण सहसा विचारतच नाही. पण पत्रा बदलता येतो, माणूस नाही.

उजवी बाजू, डावी बाजू

ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, थायलंड, मलेशिया, दक्षिण आफ्रिका, मॉरिशस इथे आपल्यासारखीच डावी बाजू आहे. पहिल्यांदाच जात असाल, तर यातला देश सोपा पडतो.

युरोपात, अमेरिकेत किंवा दुबईत उजवी बाजू. गिअर उजव्या हाताला येतो आणि वळताना इंडिकेटरऐवजी वायपर सुरू होतो. गर्दीत माणूस पुढच्या गाडीमागे बरोबर जातो. चूक होते ती सकाळी रिकाम्या रस्त्यावर निघताना किंवा पंपावरून बाहेर पडताना. एक खूण लक्षात ठेवा: ड्रायव्हरची सीट कायम रस्त्याच्या मध्याकडे हवी.

काही नियम मात्र आपल्या सवयीच्या अगदी उलट आहेत. पाटी नसलेल्या चौकात फ्रान्स आणि जर्मनीत उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तुमचा रस्ता मोठा वाटला तरी. ‘स्टॉप’ची पाटी असेल तर चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. न्यूझीलंडमध्ये एकेरी पुलापाशी लहान लाल बाण तुमच्या दिशेचा असेल, तर थांबायचं. अमेरिकेत दुभाजक नसलेल्या रस्त्यावर स्कूल बसचे लाल दिवे लुकलुकत असतील, तर दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबतात, कारण मुलं रस्ता ओलांडत असतात.

घरी पोचल्यावर येणारं चलन

इटलीत फ्लॉरेन्स, पिसा, रोम अशा शहरांच्या जुन्या भागात ‘झेडटीएल’ असतं, म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग. तिथे फाटक नसतं, कॅमेरा असतो. गूगल मॅपने नेलं म्हणून आत शिरलात, तर दंड लागतो. दोनदा शिरलात, तर दोनदा. परदेशी माणसाला नोटीस पाठवायला तिथल्या कायद्याने ३६० दिवसांची मुदत आहे. म्हणजे ट्रिपचे फोटो जुने झाल्यावर पत्र येऊ शकतं. शिवाय पोलिसांना तुमचं नाव-पत्ता कळवल्याबद्दल भाड्याची कंपनी वेगळा आकार लावते. हॉटेल त्याच भागात असेल, तर गाडीचा नंबर नोंदवून घेता येईल का, हे आधीच विचारा.

स्वित्झर्लंडच्या मोटरवेवर ‘विन्येट’ लागतं. ते वर्षाचंच मिळतं, किंमत ४० फ्रँक, आणि नसेल तर दंड २०० फ्रँक. तिथे भाड्याने घेतलेल्या गाडीत ते सहसा असतं. मिलान किंवा म्युनिकहून गाडी नेणार असाल, तर स्वतः बघून घ्या.

गाडी घेताना आणि देताना

चारही बाजू, छत, चाकं, काच, पेट्रोलचा काटा आणि किलोमीटर यांचा व्हिडिओ काढा. आधीचा प्रत्येक ओरखडा कागदावर लिहून घ्या. परत देतानाही हेच करा आणि शक्यतो कर्मचाऱ्यासमोर द्या. नाहीतर दुसऱ्याच्या ओरखड्याचे पैसे तुमच्या कार्डातून जातात आणि भारतात बसून तो वाद घालणं कठीण असतं.

अपघात झालाच, तर गाडी सुरक्षित थांबवा आणि आधी माणसांकडे बघा. मदतीसाठी युरोपात ११२, अमेरिकेत ९११, न्यूझीलंडमध्ये १११. जागेवर रोख देऊन मिटवू नका. पोलिसांचा किंवा अपघाताचा अहवाल नसेल, तर क्लेम अडकू शकतो. समजत नसलेल्या भाषेतल्या कागदावर घाईने सही करू नका.

आणि सगळ्यात साधी गोष्ट: लांबच्या विमानप्रवासानंतर, झोप न झालेल्या डोळ्यांनी, रात्री विमानतळावरूनच अनोळखी रस्त्यावर गाडी काढू नका. पहिली रात्र जवळच्या हॉटेलात काढून सकाळी गाडी घेतली, तर ट्रिपमधले काही तास जातील, पण सोबत बसलेली माणसं सुखरूप पोचतील.