उसातला बिबट्या, दोन कॅमेऱ्यांनी

सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली घोषित झाला. त्याच्या पूर्वेला कराड, शिराळ्याच्या उसात बिबट्या शिरला की साध्या कॅमेऱ्याला दिसतो नुसता पाला. थर्मल कॅमेरा ८ ते १४ मायक्रॉनच्या अवरक्त लहरी टिपतो; त्यात ऊबदार अंग पांढऱ्या ठिपक्यासारखं उठून दिसतं, पण बांध कुठला नि पाट कुठला, ते कळत नाही.

म्हणून दोन्ही चित्रांचं एक करायचं. आधी ती तंतोतंत जुळवतात, मग ठळक आकार आणि बारीक रेघा असे थर सुटे करून प्रत्येकातलं सरस तेवढं घेतात. जुळणी हुकली, की बिबट्या शेजाऱ्याच्या रानात!

भर उन्हात तापलेली ढेकळंही उजळतात, पहाट बरी. दाट पाल्याआडची ऊब मात्र थर्मललाही दिसत नाही.