मोबाइल समाजमाध्यमांवरील स्थानमाहिती आणि खासगीपणा

मोबाइल समाजमाध्यमांवरील स्थानमाहिती म्हणजे फोनधारक एखाद्या वेळी कोठे आहे, यासंबंधी त्याच्या फोनमधील अ‍ॅपने मिळवलेली आणि इतरांना दाखवलेली किंवा साठवून ठेवलेली माहिती होय. ही माहिती मित्रांना भेटण्यासाठी, प्रवासातील सुरक्षिततेसाठी किंवा व्यायामाची नोंद ठेवण्यासाठी दिली जाते. मात्र तीच माहिती साठत गेली की तिच्यातून व्यक्तीचे घर, कामाचे ठिकाण, दिनक्रम, आजारपण, धर्माचरण आणि नातेसंबंध यांचा अंदाज बांधता येतो. त्यामुळे खासगीपणाचा प्रश्न एका ठिकाणापुरता मर्यादित राहत नाही. ठिकाणांची मालिका कोणाच्या हाती जाते, किती काळ राहते आणि ती देताना दिलेली संमती पुढे कोठवर लागू होते, हे त्यातील मुख्य मुद्दे आहेत.

स्थान कसे निश्चित होते

स्मार्टफोन आपले स्थान अनेक मार्गांनी ठरवतो. जीपीएस पद्धतीत फोन किमान चार उपग्रहांकडून आलेल्या संकेतांच्या वेळेतील फरकावरून अक्षांश व रेखांश काढतो. मोकळ्या आकाशाखाली यात साधारणपणे ५ मीटरपर्यंत अचूकता मिळते. इमारतींच्या आत हे संकेत क्षीण होतात, तेव्हा आसपासच्या वाय-फाय राउटरांची ओळख, मोबाइल टॉवर आणि ब्लूटूथ यांचा आधार घेतला जातो. याशिवाय इंटरनेट जोडणीच्या आयपी पत्त्यावरून शहराचा ढोबळ अंदाज येतो. म्हणूनच केवळ जीपीएस बंद केल्याने स्थान पूर्णपणे झाकले जातेच असे नाही.

अक्षांश-रेखांश दशांश अपूर्णांकात लिहिले असता अचूकता दशांश स्थळांच्या संख्येवर अवलंबून असते. अक्षांशात दोन दशांश स्थळे दिली तर सुमारे १.१ किलोमीटरचा टप्पा समजतो, पाच दिली तर सुमारे १.१ मीटरचा. पहिल्या आकड्यातून वस्ती कळते, दुसऱ्यातून दार कळते. बहुतेक वापरांसाठी, उदाहरणार्थ हवामान किंवा शहरातील बातम्या दाखवण्यासाठी, पहिला आकडा पुरेसा असतो.

इतिहास

मोबाइलवरून मित्रांना आपले ठिकाण कळवणारी डॉजबॉल ही सेवा न्यूयॉर्कमध्ये २००० साली सुरू झाली. त्यात वापरकर्ता स्वतः लघुसंदेश पाठवून ठिकाण कळवत असे. २००५ मध्ये गुगलने ही सेवा विकत घेतली आणि २००९ मध्ये ती बंद करून गुगल लॅटिट्यूड ही सेवा आणली. त्याच वर्षी डॉजबॉलच्या संस्थापकांपैकी डेनिस क्राउली यांनी नवीन सेल्वादुराई यांच्यासह फोरस्क्वेअर सुरू केले. एखाद्या उपाहारगृहात किंवा दुकानात पोहोचल्याची नोंद करणे, म्हणजेच 'चेक-इन', ही कल्पना फोरस्क्वेअरमुळे लोकप्रिय झाली. फेसबुकने ऑगस्ट २०१० मध्ये अशीच सोय उपलब्ध केली.

या सेवांविषयीची शंका लवकरच पुढे आली. फेब्रुवारी २०१० मध्ये नेदरलँड्समधील काही तरुणांनी 'प्लीज रॉब मी' नावाचे संकेतस्थळ काढले. लोकांनी ट्विटरवर जाहीर केलेले चेक-इन ते एकत्र दाखवत असे. एखादी व्यक्ती अमुक ठिकाणी आहे याचाच अर्थ ती घरी नाही, हे दाखवून देणे हा त्याचा हेतू होता. मार्च २०१२ मध्ये 'गर्ल्स अराउंड मी' हे अ‍ॅप वादग्रस्त ठरले. फोरस्क्वेअरवरील जाहीर चेक-इन आणि फेसबुकवरील जाहीर परिचय यांची सांगड घालून ते जवळपास असलेल्या स्त्रिया नकाशावर दाखवत असे. त्या स्त्रियांना याची कल्पनाही नसे. फोरस्क्वेअरने या अ‍ॅपला माहिती देणे थांबवले आणि ते अ‍ॅप मागे घेण्यात आले. त्यात वापरलेली सर्व माहिती आधीपासून उघडच होती. नवे होते ते तिचे एकत्रीकरण.

पुढील काळात स्वतः नोंद करण्याची जागा सतत चालणाऱ्या नोंदीने घेतली. स्नॅपचॅटने जून २०१७ मध्ये मित्रांची ठिकाणे दाखवणारा नकाशा आणला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये व्हॉट्सॲपवर 'लाइव्ह लोकेशन' ही सोय आली. चेक-इन ही प्रत्येक वेळी विचारपूर्वक करायची कृती होती. सततच्या नोंदीत परवानगी एकदाच दिली जाते आणि ती दिल्याचे विस्मरण होऊ शकते.

ठिकाणांच्या मालिकेतून होणारी ओळख

नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक काढून टाकल्यास स्थानमाहिती निनावी होते, असा समज प्रचलित आहे. इव्ह-अलेक्झांडर द माँजॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सायंटिफिक रिपोर्ट्स या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या समजाला धक्का दिला. त्यांनी १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांतील मोबाइल नोंदी तपासल्या. ठिकाण मोबाइल टॉवरच्या परिसराइतके आणि वेळ तासाइतकी ढोबळ असतानाही, केवळ चार ठिकाणे व त्यांच्या वेळा माहीत असल्यास ९५ टक्के व्यक्तींची नोंद इतरांपासून वेगळी ओळखता येत होती.

याचे कारण साधे आहे. रात्री फोन एका ठिकाणी असतो व दिवसा दुसऱ्या, आणि या दोन ठिकाणांची जोडी फार थोड्या लोकांची समान असते. त्यात आठवड्यातून एकदा दिसणारे डायलिसिस केंद्र, प्रार्थनास्थळ किंवा वकिलाचे कार्यालय जोडले गेले की व्यक्तीने कोणालाही न सांगितलेल्या गोष्टी समजू शकतात.

स्ट्राव्हा हीटमॅप प्रकरण

धावणे व सायकलिंग यांची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या समाजमाध्यमाने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरातील वापरकर्त्यांच्या मार्गांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. त्यात सुमारे १ अब्ज व्यायामनोंदी आणि ३ लाख कोटी स्थानबिंदू वापरलेले होते. जेथे वर्दळ जास्त, तेथे नकाशावरील रेषा अधिक तेजस्वी दिसत. कोणाचेही नाव त्यात नव्हते आणि वापरकर्त्यांनी खासगी ठेवलेल्या नोंदीही वगळल्या होत्या.

जानेवारी २०१८ मध्ये नेथन रूसर या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने या नकाशातील एक बाब निदर्शनास आणली. मोठ्या शहरांत असंख्य रेषा एकमेकींत मिसळून जात होत्या. अफगाणिस्तान व सीरियातील विरळ प्रदेशांत मात्र अंधारात एखाद-दुसरी उजळ आकृती स्पष्ट दिसत होती. लष्करी तळांवरील सैनिक व्यायाम करताना हे अ‍ॅप वापरत होते, त्यामुळे तळाच्या कडेने धावण्याचे मार्ग आणि आतील रस्ते नकाशावर उमटले होते. स्थानिक लोकांत अ‍ॅपचा वापर जवळजवळ नसल्याने या खुणा अधिकच उठून दिसत होत्या.

स्ट्राव्हाने मार्च २०१८ मध्ये नकाशात बदल केले. अत्यल्प वापराचे मार्ग अनेक वेगवेगळ्या वापरकर्त्यांच्या नोंदी आल्याशिवाय दाखवायचे नाहीत, असे ठरले. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने मोहिमांच्या क्षेत्रात स्थान नोंदवणाऱ्या उपकरणांच्या त्या सोयीवर बंदी घातली. तरीही धोका संपला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल माँद या फ्रेंच दैनिकाने राष्ट्रप्रमुखांच्या अंगरक्षकांच्या जाहीर स्ट्राव्हा नोंदींवरून नेत्यांच्या मुक्कामाची ठिकाणे कशी शोधता येतात, हे दाखवले. व्यक्तीचे नाव झाकले तरी समूहाचे गुपित उघड होऊ शकते आणि एकाने दिलेल्या माहितीचा परिणाम दुसऱ्यावर होऊ शकतो, हे या प्रकरणातून स्पष्ट झाले.

इतर प्रमुख जोखमी

अंतरावरून ठिकाणाचा शोध: काही अ‍ॅप नेमके ठिकाण न दाखवता दोन व्यक्तींमधील अंतरच दाखवतात. परंतु तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून मोजलेले अंतर माहीत असेल, तर त्या अंतरांच्या त्रिज्येची तीन वर्तुळे जेथे छेदतात तेथे ती व्यक्ती सापडते. फोनला खोटे स्थान सांगून ही तीन मोजमापे घरबसल्या घेता येतात. टिंडर या अ‍ॅपमध्ये हा दोष आढळल्याचे संशोधकांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. पडद्यावर पूर्णांकात दिसणारे अंतर प्रत्यक्षात अनेक दशांश स्थळांपर्यंत पाठवले जात होते. हा दोष तोपर्यंत दुरुस्त झाला होता.

छायाचित्रांतील नोंद: फोनने काढलेल्या छायाचित्राच्या फाइलमध्ये वेळेबरोबर अक्षांश-रेखांशही नोंदले जाऊ शकतात. डिसेंबर २०१२ मध्ये बेलीझमधून फरार असलेले संगणक उद्योजक जॉन मॅकॅफी यांचे छायाचित्र एका नियतकालिकाने प्रसिद्ध केले, तेव्हा त्यातील नोंदीवरून ते ग्वातेमालात असल्याचे उघड झाले. बहुतेक मोठी समाजमाध्यमे छायाचित्र जाहीर करताना ही नोंद काढून टाकतात. मात्र व्हॉट्सॲपवर छायाचित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवल्यास मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

परिचितांकडून पाळत: पती-पत्नी, जोडीदार, पालक किंवा मालक यांच्या आग्रहास्तव स्थान सतत दाखवले जाते, तेव्हा संमती कितपत मोकळी आहे हा प्रश्न निर्माण होतो. एकदा सुरू केलेली सोय बंद करणे हेच संशयाचे कारण ठरू शकते. नाते तुटल्यानंतरही जुनी परवानगी तशीच राहिल्यास तिचा उपयोग पाठलागासाठी होऊ शकतो.

माहितीचा व्यापार: अ‍ॅपने घेतलेली स्थानमाहिती जाहिरात कंपन्या व दलालांकडेही जाऊ शकते. ग्राइंडर या समलैंगिक पुरुषांत प्रामुख्याने वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅपने वैध संमतीविना जीपीएस स्थानासह इतर माहिती जाहिरातदारांना दिल्याबद्दल नॉर्वेच्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये ६.५ कोटी क्रोनर दंड ठोठावला. येथे केवळ अ‍ॅपचा वापर करणे हीच अत्यंत खासगी बाब होती.

भारतातील कायदेशीर स्थिती

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. के. एस. पुट्टस्वामी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्णय दिला. स्थानमाहितीशी थेट संबंधित निकाल ८ जुलै २०२४ रोजी फ्रँक व्हायटस विरुद्ध नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरो या प्रकरणात आला. जामिनावर सुटलेल्या आरोपीने गुगल मॅप्सवर आपल्या ठिकाणाची पिन टाकून ती तपास अधिकाऱ्याला दिसेल असे ठेवावे, अशी अट घालण्यात आली होती. न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने ती रद्द केली. आरोपीच्या हालचालींवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी जामिनाची अट घालता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण व निःसंदिग्ध असावी लागते आणि ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे असावे लागते. १८ वर्षांखालील मुलांच्या हालचालींचा वा वर्तनाचा माग काढण्यासही मनाई आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

या कायद्याला दोन महत्त्वाच्या मर्यादा आहेत. व्यक्तीने केवळ वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर त्याच्या कक्षेत येत नाही. व्यक्तीने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीलाही तो लागू होत नाही. परिणामी, मित्राने किंवा नातेवाइकाने ठेवलेली नजर आणि सर्वांना दिसणारा चेक-इन या दोन्ही बाबी त्याबाहेर राहतात. स्त्रीचा पाठलाग करणे किंवा तिच्या इंटरनेट व इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या वापरावर नजर ठेवणे हा २०१३ पासून भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४-ड खाली गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. त्यात स्थानमाहितीचा स्वतंत्र उल्लेख नाही.

इतर देशांतील कायदे

युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या माहिती संरक्षण नियमावलीत व्यक्तीची ओळख पटवणाऱ्या घटकांत स्थानमाहितीचा स्पष्ट समावेश आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१८ मध्ये कार्पेंटर खटल्यात एका व्यक्तीच्या १२७ दिवसांच्या टॉवर नोंदी विनावॉरंट मिळवणे अवैध ठरवले. एखादी व्यक्ती रस्त्यावर सर्वांना दिसत असली, तरी तिच्या सर्व हालचालींची सलग नोंद ही वेगळी बाब आहे, हा विचार त्यामागे होता.

उपयोग आणि खबरदारी

स्थान कळवण्याचे फायदे वास्तव आहेत. रात्री प्रवास करणारी व्यक्ती घरी पोहोचेपर्यंत तिच्या कुटुंबाला मार्ग दिसू शकतो, अपघातस्थळ शोधता येते आणि गर्दीत चुकलेल्यांची भेट होते. त्यामुळे ही सोय पूर्णपणे टाळण्याऐवजी ती कोणाला, किती वेळ आणि किती अचूकतेने द्यायची, हे ठरवणे अधिक व्यवहार्य ठरते.

मुदत: व्हॉट्सॲपवरील लाइव्ह लोकेशन १५ मिनिटे, १ तास किंवा ८ तासांनंतर आपोआप थांबते. मुदत असलेली सोय विस्मरणाचा धोका कमी करते.

अचूकता: २०२० मधील आयओएस १४ आणि २०२१ मधील अँड्रॉइड १२ पासून वापरकर्त्याला अ‍ॅपला नेमक्याऐवजी अंदाजे स्थान देता येते.

परवानगीची वेळ: 'अ‍ॅप वापरत असतानाच' हा पर्याय निवडल्यास अ‍ॅप बंद असताना होणारी नोंद टळते. फोनच्या सेटिंगमध्ये कोणत्या अ‍ॅपला स्थानाची परवानगी आहे, याची यादी पाहता येते.

घराभोवतीचा पट्टा: व्यायामाच्या अ‍ॅपमध्ये मार्गाचा आरंभ व शेवट लपवण्याची सोय असते. रोजचा मार्ग घरापासून सुरू होत असल्याने ती विशेष उपयुक्त ठरते.

उशिरा जाहीर करणे: सहलीची छायाचित्रे परतल्यावर प्रसिद्ध केल्यास घर रिकामे असल्याची सूचना इतरांना मिळत नाही.

इतरांची संमती: आपल्या नोंदीत सोबतच्या व्यक्तींचे नाव जोडल्यास त्यांचेही ठिकाण जाहीर होते. त्यांनी स्वतः सर्व परवानग्या बंद ठेवल्या असल्या, तरी या मार्गाने त्यांचा ठावठिकाणा कळू शकतो.