जुन्या संगणकाच्या मर्यादा आणि गुरुजींच्या ओव्या

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका गावातले निवृत्त शिक्षक वारले. त्यांनी आयुष्यभर भोवतालच्या वाड्यावस्त्यांवरून जात्यावरच्या ओव्या टिपून घेतल्या होत्या. १९९८ साली पुस्तक काढायचे म्हणून तो संग्रह पुण्यात एका डीटीपी केंद्रावर टाइप करून घेतला. पण पैशांअभावी पुस्तक राहिले ते राहिलेच. हाताने लिहिलेल्या वह्या एका पावसाळ्यात भिजून लगदा झाल्या. काकूंनी मला बोलावून एक पत्र्याची पेटी पुढे सरकवली. म्हणाल्या, "रद्दीवाला म्हणतो, याचं काही येत नाही. पण ह्यांच्या ओव्या याच्यातच आहेत म्हणे. बघा काही निघतंय का."

पेटीत अकरा फ्लॉप्या होत्या, पेजमेकरची आणि मराठी अक्षरजुळणीच्या एका पॅकेजची सीडी होती आणि काडेपेटीएवढे एक हार्डवेअर लॉक होते. डीटीपी केंद्र बंद करताना मालकाने हे सगळे गुरुजींना देऊन टाकले होते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. लोकसाहित्याची आवड आहे, संगणकाचे शिक्षण नाही. या ओव्या बाहेर काढताना जे शिकावे लागले, ते इथे मांडतो आहे. कारण नव्वदच्या दशकातले बरेच मराठी लेखन अशाच पेट्यांत पडून आहे.

पहिला प्रश्न कुणीही विचारेल: आजच्या संगणकावर त्या फायली का उघडत नाहीत? त्या काळातली इंग्रजी फाइल असती, तर तिच्यातला मजकूर तरी आज कुठेही वाचता आला असता. मराठीचे तसे नाही. त्या वेळच्या टंकात एका अक्षरचिन्हासाठी एक बाइट, म्हणजे जास्तीत जास्त २५६ घरे असत. त्यांतच मूळ अक्षरे, अर्धी अक्षरे, काना-मात्रा, रफार आणि जोडाक्षरे कोंबून बसवायची. प्रत्येक कंपनीने ही घरे आपापल्या सोयीने भरली. त्यामुळे फाइलमध्ये 'क' साठवलेला नसतो, 'क' ज्या घरात बसवला त्या घराचा आकडा असतो. टंक नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. देशी लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ साली सुधारून प्रसिद्ध झाले होते, युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही त्याच वर्षी देवनागरी होती. पण विंडोजमध्ये युनिकोड देवनागरीची सोय आली ती विंडोज २००० पासून. तोवर छपाईची मराठी अशा खासगी घरांतच राहत होती.

बऱ्याच टंकांसाठी आता रूपांतरक मिळतात. पण त्याआधी फाइल उघडायला हवी, आणि आमच्या पॅकेजमधले टंक लॉक लावल्याखेरीज चालत नसत. लॉक बसते प्रिंटरच्या २५ पिनांच्या जुन्या पोर्टमध्ये. आजच्या संगणकाला ते पोर्ट नसते. यूएसबीचा जोड आणून पाहिला. तो प्रिंटर चालवतो, लॉक ओळखत नाही, कारण जुने पॅकेज ठरलेल्या पत्त्यावरच्या पोर्टशी थेट बोलते आणि त्या पत्त्यावर आता कुणीच राहत नाही. शिवाय पॅकेजचा काही भाग १६ बिटांचा होता, आणि ६४ बिटांचे विंडोज असे प्रोग्रॅम चालवतच नाही. नव्या संगणकाच्या पोटात आभासी जुना संगणक उभा करण्याची युक्तीही लॉकपाशीच अडली. तेव्हा खरे जुने यंत्र आणि त्यावर विंडोज ९५, एवढाच रस्ता उरला.

माझी समजूत अशी की, १९९५ सालच्या कार्यप्रणालीला कोणतेही जरा बरे यंत्र चालेल. ३८६ जातीचा प्रोसेसर आणि ४ एमबी रॅम एवढीच जिची किमान मागणी, तिला जास्त दिले तर ती खूशच होईल. एका कार्यालयातून मोडीत निघालेले पेंटियम ४ यंत्र मिळाले. वेग २.८ गिगाहर्ट्झ, रॅम १ जीबी, हार्ड डिस्क ८० जीबी, मागे प्रिंटरचे पोर्ट. डिस्कवर मुद्दाम २ जीबीचाच भाग पाडला, कारण विंडोज ९५ची पहिली आवृत्ती ज्या फॅट-१६ पद्धतीने फायलींची नोंद ठेवते, तिची एका भागाची मर्यादा तेवढीच आहे. फायली चढल्या, यंत्र पुन्हा सुरू झाले आणि काळ्या पडद्यावर 'विंडोज प्रोटेक्शन एरर' असे उमटून थांबले.

कारण कळले तेव्हा हसू आले. सुरू होताना नेटवर्कशी संबंधित एक घटक प्रोसेसरचा वेग जोखतो. ठरावीक फेऱ्यांचा एक रिकामा घोळ फिरवायचा, त्याला किती वेळ लागला ते मोजायचे आणि त्या वेळाने भागायचे. २.१ गिगाहर्ट्झच्या वरचा प्रोसेसर या फेऱ्या इतक्या झटपट उरकतो की वेळेची नोंद शून्य होते. शून्याने भागाकार करायची पाळी आली की यंत्र तिथेच बसते. हा अनुभव अगदी अलीकडच्या यंत्रांचाही नव्हे. एएमडी कंपनीच्या के६-२ या १९९८ सालच्या प्रोसेसरवर ३५० मेगाहर्ट्झपासूनच विंडोज ९५ अशाच संदेशाने अडत असे आणि मायक्रोसॉफ्टला त्यासाठी दुरुस्ती काढावी लागली होती. घोळ लिहिणाऱ्याने गृहीत धरलेला भविष्यकाळ तीन वर्षांतच संपला होता.

हौशी मंडळींनी तयार केलेली दुरुस्ती वापरून ही अडचण ओलांडली. पुढचा संदेश आला: मेमरी अपुरी आहे. १ जीबी रॅम असताना! इथे यंत्र खोटे बोलत होते, पण त्याच्या परीने खरेही होते. विंडोज ९५ आणि ९८ आपल्या अंतर्गत कामासाठी पत्त्यांचा एक ठरावीक पट्टा राखून ठेवतात. फायलींचा मजकूर हाताशी ठेवणारा जो कॅश असतो, त्याच्यासाठीही याच पट्ट्यातले पत्ते लागतात, आणि तो आपला आकार रॅमच्या प्रमाणात ठरवतो. रॅम ५१२ एमबीच्या वर गेली की कॅश एवढे पत्ते अडवतो की इतर कामांना पत्ताच उरत नाही. धान्य भरपूर आणि ठेवायला कोठार नाही, तशी ही उपासमार. सिस्टिम.आयएनआय या फाइलमध्ये कॅशला कमाल मर्यादा घालून देता येते किंवा सरळ रॅमची एक पट्टी काढून ठेवता येते. मी पट्टी काढली.

विंडोज ९५ अखेर उघडले, पण पडदा ६४० बाय ४८० ठिपक्यांचा आणि सोळा रंगांचा. त्या यंत्रातल्या ग्राफिक्स चिपसाठी विंडोज ९५चा ड्रायव्हर कुणी लिहिलेलाच नव्हता. यंत्र फार नवे होते.

मग उलट टोक गाठले. पुण्याच्या जुन्या बाजारात एक ४८६ यंत्र मिळाले. त्याची हार्ड डिस्क मेलेली होती. तिच्या जागी जुन्या कॅमेऱ्यात वापरतात ते ४ जीबीचे कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड साध्या जोडणीवर बसवले; हे कार्ड आयडीई डिस्कचीच भाषा बोलते. यंत्राने कार्ड ओळखले, पण आकार सांगितला ५०४ एमबी. उरलेले साडेतीन जीबी गायब.

हा आकडा समजून घेण्यासारखा आहे. डिस्कवरच्या प्रत्येक ५१२ बाइटच्या तुकड्याला, म्हणजे सेक्टरला, तीन भागांचा पत्ता असे: सिलिंडर, हेड आणि सेक्टर. संगणकाच्या बायोसने सिलिंडरसाठी १० बिट ठेवले होते, हेडसाठी ८ आणि सेक्टरसाठी ६; म्हणजे १०२४ सिलिंडर, २५६ हेड, ६३ सेक्टर. एवढ्या पत्त्यांत सुमारे ८.४ अब्ज बाइट मावतात. आयडीई डिस्कच्या मानकाने वेगळी वाटणी केली: सिलिंडर ६५,५३६, हेड १६, सेक्टर २५५. यात १३६.९ अब्ज बाइट मावतात. दोन्ही वाटण्या आपापल्या जागी ऐसपैस होत्या. पण पत्ता दोन्हीकडे चालायला हवा असेल, तर प्रत्येक रकान्यात लहान आकडा घ्यावा लागतो: १०२४ गुणिले १६ गुणिले ६३. होतात १०,३२,१९२ सेक्टर, म्हणजेच ५२,८४,८२,३०४ बाइट. यालाच ५२८ एमबीची मर्यादा म्हणतात. १०२४च्या हिशेबाने तेच ५०४.

तलाठ्याच्या नोंदवहीत गट क्रमांकाचा रकाना मोठा आणि घर क्रमांकाचा लहान, टपालखात्याच्या वहीत नेमके उलटे. मग दोन्ही वह्यांत बसतील तेवढ्याच घरांना पत्र पोहोचणार. यात कुणा एकाची चूक काढता येत नाही. पुढे नव्या बायोसने पत्त्यांची भाषांतरे करून ही भिंत ओलांडली आणि ८.४ अब्जांच्या भिंतीशी जाऊन थांबला. नंतर तीही पडली आणि डिस्कच्या २८ बिटांच्या पत्त्याची १३७ अब्जांची भिंत आली. ही शेवटची सर्वांत घातक, कारण ती मुकी आहे. विंडोज ९८चा ड्रायव्हर तिच्यापुढे लिहायला गेला, तर पत्त्यातले वरचे बिट गळतात आणि मजकूर डिस्कच्या सुरुवातीला, आधीच्या मजकुरावर लिहिला जातो. जुने लेखन वाचवायला निघालेल्याने एवढी एक गोष्ट तरी लक्षात ठेवावी: मोठी डिस्क जोडू नये.

४८६वर विंडोज ९५ चढले. पण रॅम ८ एमबी; पेजमेकर उघडेपर्यंत चहा होऊन जाई, आणि पान उलटायचे तर यंत्र डिस्कवर खरडत बसे. तिसऱ्या दिवशी त्याचा पॉवर सप्लाय जळाला.

शेवटी पेंटियम एमएमएक्स, २०० मेगाहर्ट्झ. बोर्डवर इंटेलचा ४३०टीएक्स चिपसेट. तोवर शहाणपण आले होते, म्हणून रॅम वाढवण्याआधी चौकशी केली. बरे केले. हा चिपसेट १२८ एमबीहूनही अधिक रॅम स्वीकारतो, पण त्याचा कॅश पहिल्या ६४ एमबीपुरताच काम करतो. त्यापुढे रॅम घातली की कॅशबाहेरचा भाग वापरात येतो आणि यंत्र उलट मंदावते. म्हणून बरोबर ६४ एमबी. तेच ४ जीबीचे कार्ड, त्यावर २ जीबीचे भाग. प्रिंटरचे पोर्ट, फ्लॉपी ड्राइव्ह आणि त्या काळातल्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, सगळे जागच्या जागी. दुपारी सुरू केलेले काम संध्याकाळी पुरे झाले. यंत्र फार जुनेही नको आणि फार नवेही नको, हे मला दीड वर्षाने उमगले.

लॉक बसवले, पेजमेकर उघडला. अकरापैकी सात फ्लॉप्या वाचल्या गेल्या. दोन अर्धवट, दोन पूर्ण मुक्या. पहिल्या पानावर गुरुजींनी प्रत्येक ओवीखाली सांगणाऱ्या बाईचे नाव, वय आणि सासर-माहेरचे गाव दिले होते. रूपांतरक वापरून पाहिला. बोलीतले उच्चार दाखवायला ऑपरेटरने टंकाच्या दोन-तीन घरांत स्वतःची चिन्हे बसवली होती, आणि रूपांतरक नेमके तेच शब्द बिघडवत होता. म्हणून सगळी पाने कागदावर छापली आणि शेजारी ठेवून युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केली. सात महिने लागले.

या सगळ्यात मला एक गोष्ट कळली. यंत्रातली प्रत्येक मर्यादा म्हणजे कुणीतरी कधीतरी आखलेला रकाना असतो. एवढे पुरेल, असे त्या माणसाला तेव्हा वाटलेले असते. इंग्रजी मजकूर या रकान्यांतून तरून पुढे आला, कारण त्याची अक्षरे सगळीकडे एकाच आकड्याने ओळखली जात होती. आपला मजकूर मात्र एका टंकाला, टंक एका लॉकला, लॉक एका पोर्टला आणि पोर्ट एका काळाच्या यंत्राला बांधलेले. त्या साखळीतली एक कडी गेली की ओव्या गेल्या.

म्हणून विनंती एवढीच. आपल्याकडे, आपल्या ओळखीच्या छापखान्यात किंवा बंद पडलेल्या मासिकाच्या कपाटात अशी पेटी असेल, तर लॉक आणि सीडी फ्लॉप्यांबरोबरच ठेवा. फ्लॉप्या चालत आहेत तोवर त्यांची जशीच्या तशी प्रत काढून घ्या, फाइल उघडते की नाही हा प्रश्न नंतरचा. आणि घरातला पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा संगणक भंगारात देण्याआधी कुणाला हवा आहे का, ते विचारा.

छापलेली पाने बांधून काकूंकडे नेली, तेव्हा त्यांनी ओव्या वाचल्या नाहीत. खालची नावे वाचत गेल्या. एका नावाशी थांबून म्हणाल्या, "ही माझी आत्या." मुक्या राहिलेल्या दोन फ्लॉप्या अजून माझ्याकडे आहेत. त्यांच्यासाठी दुसरा ड्राइव्ह शोधतो आहे.