माहिती सरकारला दिली, पुढे ती कोणाकडे गेली?

गाडी घेतली की आरटीओत नोंद करावीच लागते. नांदेडला एमएच २६ किंवा लातूरला एमएच २४ ची पाटी मिळवण्यासाठी आपण नाव, पत्ता, मोबाइल नंबर, कर्ज देणाऱ्या बँकेचे नाव, विम्याचा तपशील असे सगळे देतो आणि वर रोड टॅक्सही भरतो. दुकान मोठे झाले की जीएसटीची नोंदणी आणि कमाई वाढली की आयकराचे विवरणपत्र ठरलेलेच. यात ‘नाही’ म्हणण्याची सोय नसते. कायदा आहे म्हणून आणि सरकारवर भरवसा आहे म्हणून आपण ही माहिती देतो. आमच्या मते ती सरकारकडे ठेवलेली आपली अमानत आहे.

अमानत ठेवणाऱ्याला न विचारता ती दुसऱ्याला विकता येते का? हा प्रश्न काल्पनिक नाही. आपल्या देशात असे घडले आहे.

मार्च २०१९ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने वाहनांची आणि परवान्यांची माहिती एकगठ्ठा देण्याचे धोरण आणले. ‘वाहन’ या संगणकीय नोंदवहीत देशभरातल्या गाड्यांची माहिती असते, तर ‘सारथी’मध्ये वाहन चालवण्याच्या परवान्यांची. २०१९-२० या वर्षासाठी कंपन्यांना तीन कोटी रुपये आणि शिक्षणसंस्थांना पाच लाख रुपये असा दर ठरला. जुलै २०१९ मध्ये मंत्री नितीन गडकरी यांनी राज्यसभेत सांगितले, की ८७ खासगी कंपन्या आणि ३२ सरकारी संस्थांना या नोंदी पाहण्याची मुभा दिली असून त्यातून ६५ कोटी रुपये मिळाले आहेत. पुढे हा आकडा शंभर कोटींच्या वर गेला. ज्यांच्या गाड्या होत्या, त्यांना मात्र कोणी विचारले नाही.

कोणी म्हणेल, गाडीचा नंबर, मॉडेल आणि विमा कंपनीचे नाव कळले तर बिघडले कुठे? समजा, नांदेडच्या देगलूर नाक्यावर ऑटोरिक्षा चालवणारा एक भाऊ आहे. त्याच्या गाडीचा नंबर, कर्ज कोणाचे आणि विमा कधी संपतो, हे एका यादीत आहे. गॅरेजच्या दुसऱ्या यादीत तोच नंबर आणि सोबत त्याचा मोबाइल आहे. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की माणूस ओळखला गेला. तो कर्जात आहे, हेही कळले. वेगवेगळ्या याद्या जुळवून माणसाची ओळख पटवता येते, हा धोका त्या सरकारी धोरणातच मान्य केलेला होता. तरीही माहिती दिली गेली.

धोका फक्त नको असलेल्या फोनपुरता नसतो. त्या काळी सरकारी ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की मालकाचे नाव दिसत असे. फेब्रुवारी २०२० च्या दिल्ली दंगलीनंतर ‘वाहन’मधील नोंदींवरून गाडी कोणत्या समाजाच्या माणसाची हे हुडकले जाऊ शकते, अशी भीती व्यक्त झाली. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या संस्थेने हा मुद्दा मंत्रालयापुढे मांडला. आपल्या देशात नावावरून धर्म कळतो. म्हणून नाव उघडे पडणे ही आपल्यासाठी किरकोळ गोष्ट नाही. पुढे ॲपमध्ये नावातील काही अक्षरे झाकण्यात आली. जून २०२० मध्ये खासगीपणाचा आणि गैरवापराचा प्रश्न पाहून मंत्रालयाने ते धोरणच मागे घेतले.

हे चांगलेच झाले. पण धोरण मागे घेता येते, तशी कंपनीच्या संगणकात एकदा गेलेली माहिती मागे घेता येत नाही. दळलेल्या पिठाचे पुन्हा दाणे होत नाहीत.

आता व्यापाऱ्यांकडे वळू. लातूरच्या गंजगोलाईतला दुकानदार असो, डाळ मिलवाला असो की नांदेडच्या इतवाऱ्यातला कापडवाला, त्याची विक्री, खरेदी आणि गिऱ्हाइकांचे जीएसटी क्रमांक हे सारे जीएसटी नेटवर्कच्या संगणकात असते. हे नेटवर्क २०१३ मध्ये स्थापन झाले तेव्हा त्यात ५१ टक्के वाटा खासगी वित्तसंस्थांचा होता. त्यावर बरीच टीका झाली. २०१८ मध्ये ते पूर्ण सरकारी करण्याचा निर्णय झाला आणि आज ते तसे आहे.

मात्र २०२३ मध्ये जीएसटी कायद्यात कलम १५८अ आले. त्यानुसार व्यापाऱ्याची माहिती त्याच्या संमतीने दुसऱ्या यंत्रणेला देता येते. अकाउंट ॲग्रिगेटर या नावाने ओळखले जाणारे मध्यस्थ अशी माहिती कर्ज देणाऱ्या बँकांपर्यंत पोहोचवतात. याचा फायदाही आहे. ज्याच्याकडे तारण ठेवायला जमीन नाही, त्याला आपल्या उलाढालीच्या जोरावर भांडवल मागता येते. ‘वाहन’च्या वेळी न विचारता माहिती गेली, इथे निदान विचारले जाते. पण ती संमती खरी असली पाहिजे. घाईत मोबाइलवर ‘मान्य’चे बटण दाबणे किंवा एजंटाला ओटीपी सांगून मोकळे होणे, याला संमती कसे म्हणायचे?

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. माहिती सांभाळण्यात कसूर करणाऱ्याला अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. पण याच कायद्याने केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याचा मोठा अधिकारही दिला आहे. म्हणजे खासगी दुकानाला कुलूप सक्तीचे, सरकारी कोठाराची किल्ली मात्र सरकारच्याच हाती.

मग आपण घरात काय करू शकतो? आधारची पूर्ण प्रत सगळीकडे देण्याची गरज नसते. पहिले आठ अंक झाकलेले आधार संकेतस्थळावरून काढता येते आणि बऱ्याच ठिकाणी ते चालते. प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहावी. योजनेचा अर्ज भरताना आपल्या माता-भगिनी केंद्रचालकाला ओटीपी सांगतात, तेव्हा तो कशासाठी आला आहे हे संदेशात वाचून मगच सांगावा. कर्जासाठी संमती देताना माहिती कोणती, कोणाला, किती दिवसांसाठी हे वाचावे. अकाउंट ॲग्रिगेटरला दिलेली संमती पुढे रद्दही करता येते. आयकराच्या संकेतस्थळावर ‘वार्षिक माहिती विवरण’ असते. आपल्याबद्दल विभागाकडे काय नोंदले आहे, हे वर्षातून एकदा तरी मुलामुलींना सोबत घेऊन पाहावे. पैशांची फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करावा.

पण सगळी राखण घरानेच करायची, हे आम्हाला मान्य नाही. जी माहिती सक्तीने घेतली जाते, तिची राखण घेणाऱ्यानेच केली पाहिजे. दहा रुपये शुल्कात माहितीच्या अधिकाराचा अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. आमची माहिती कोणत्या संस्थांना दिली, कोणत्या करारावर दिली, करार संपल्यावर ती पुसली का, हे तीन प्रश्न नांदेड-लातूरच्या कोणत्याही गाडीमालकाला, कोणत्याही व्यापाऱ्याला विचारता येतात. वकिली शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी मोहल्ल्यात बसून असे अर्ज लिहून द्यावेत.

आपण कर वेळेवर भरतो. त्या बदल्यात रस्ते, शाळा आणि दवाखाने मागतो. आता त्या यादीत आणखी एक मागणी जोडू या: आमच्या अमानतीचा हिशेब.