विश्लेषण : फुटबॉलच्या मैदानात खाणेपिणे एवढे महाग का? दर कमी ठेवून कमाई वाढते का?

सामन्याच्या तिकिटाचा दर आधी कळतो. आत गेल्यावर पाणी, चहा किंवा सँडविचला किती मोजावे लागतील, हे मात्र काउंटरसमोर उभे राहिल्यावरच समजते. घरचा डबा आणि पाण्याची बाटली बहुतेक ठिकाणी गेटवरच अडवली जाते. त्यामुळे मुलाबाळांसह आलेल्या कुटुंबाला दुसरा पर्याय उरत नाही. जगभरातील फुटबॉलप्रेमींची ही जुनी तक्रार आहे. ब्रिटनमध्ये तर बीबीसीने आपल्या ‘प्राइस ऑफ फुटबॉल’ पाहणीत तिकिटांबरोबर पाय आणि चहाचे दरही मोजले होते. हे दर का चढतात आणि ते खाली आणता येतात का, याचा आढावा.

किमती का चढतात?

पहिले कारण उघड आहे. गेटच्या आत स्पर्धा नसते. बाहेर शेजारीशेजारी दहा गाड्या असतात, म्हणून दर आटोक्यात राहतो. आत मात्र बहुतेकदा एकाच कंत्राटदाराकडे सगळे काउंटर असतात. हा कंत्राटदार क्लबला किंवा मैदानाच्या मालकाला विक्रीतील ठरावीक वाटा किंवा किमान रकमेची हमी देतो. तो बोजा शेवटी प्रेक्षकाच्या प्लेटवर येतो.

दुसरे कारण म्हणजे मोजके दिवस. प्रीमियर लीगमध्ये २० संघ आहेत. प्रत्येक संघ मोसमात ३८ सामने खेळतो, त्यातले घरच्या मैदानावर फक्त १९. चषक स्पर्धांचे काही सामने धरले तरी स्वयंपाकघर, फ्रीज आणि यंत्रे वर्षातील बहुतांश दिवस रिकामी राहतात. कर्मचारीही त्या दिवसापुरते बोलवावे लागतात.

१५ मिनिटांचे गणित काय?

फुटबॉलच्या नियमांनुसार मध्यंतर १५ मिनिटांपेक्षा जास्त असू शकत नाही. समजा, मैदानात ४० हजार प्रेक्षक आहेत आणि त्यातील एक चतुर्थांश, म्हणजे १० हजार जण मध्यंतरात काही घ्यायला उठले. एका ग्राहकाला ४५ सेकंद लागतात असे धरले, तर एक काउंटर १५ मिनिटांत जेमतेम २० जणांना सेवा देऊ शकतो. म्हणजे सगळ्यांसाठी ५०० काउंटर हवेत. एवढे काउंटर उभारणे परवडत नाही, म्हणून रांग लागते.

दर्जा घसरण्याचे मूळही याच गणितात आहे. ऑर्डर घेऊन ताजे बनवायला वेळच नसतो. त्यामुळे आधी शिजवून गरम कपाटात ठेवता येईल, उभ्याने एका हातात धरून खाता येईल, असेच पदार्थ टिकतात. ब्रिटनमध्ये मांसाचे सारण भरलेला पाय आणि बोव्हरिल हे गोमांसाच्या अर्काचे गरम पेय मैदानावर रुजले, त्यात थंडीइतकाच या घाईचाही वाटा आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या टॉटनहॅमच्या नव्या मैदानात ग्लासच्या तळातून काही सेकंदांत बीअर भरणारी यंत्रे बसवली गेली, तीही रांग तोडण्यासाठीच.

कायद्याचा परिणाम किती?

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८५ च्या कायद्यानुसार पुरुषांच्या वरच्या स्तरांवरील लीग सामन्यांत, मैदान दिसेल अशा जागी मद्य पिता येत नाही. त्या काळातील हुल्लडबाजीमुळे हा कायदा आला. स्टँडखालच्या मोकळ्या जागेत बीअर मिळते, पण ती तिथेच संपवावी लागते. त्यामुळे मध्यंतरातील गर्दी आणखी वाढते. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या ट्रेसी क्राउच यांच्या २०२१ च्या अहवालानेही घाईघाईने पिण्याच्या या सवयीकडे लक्ष वेधले आणि खालच्या लीगमध्ये प्रायोगिक सूट देण्याची शिफारस केली.

स्कॉटलंडमध्ये १९८० च्या चषक अंतिम सामन्यानंतर झालेल्या दंगलीमुळे सामान्य प्रेक्षकांसाठी मद्यविक्रीच थांबली. जर्मनीत मात्र बीअरचा ग्लास हातात घेऊन स्टँडमध्ये बसता येते.

अटलांटाने काय वेगळे केले?

अमेरिकेतील अटलांटाचे मर्सिडीज-बेंझ स्टेडियम २०१७ मध्ये सुरू झाले. अटलांटा युनायटेड हा फुटबॉल संघ आणि फाल्कन्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ तिथे खेळतात. २०२६ च्या विश्वचषकाच्या १६ मैदानांत त्याचा समावेश आहे. मालक आर्थर ब्लँक यांनी किमती ठरवण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला. हॉट डॉग २ डॉलर, पुन्हा पुन्हा भरून घेता येणारे शीतपेय २ डॉलर, बीअर ५ डॉलर असे दर लावले. कर त्यातच धरला आणि आकडे पूर्ण डॉलरमध्ये ठेवले. सुट्ट्या पैशांचा खोळंबा संपला, रांग पुढे सरकू लागली.

फाल्कन्सच्या जुन्या मैदानाशी तुलना करता दर सुमारे निम्मे होते, तरी पहिल्या मोसमात प्रति प्रेक्षक खर्च १६ टक्क्यांनी वाढला. लोक लवकर येऊ लागले आणि एकाऐवजी दोन वस्तू घेऊ लागले. २०१८ मध्ये हॉट डॉग आणखी स्वस्त होऊन दीड डॉलरला मिळू लागला.

अर्थात, हे सूत्र सगळीकडे जसेच्या तसे लागू होणार नाही. अटलांटाचे मैदान नवे आहे, विक्रीचे काउंटर भरपूर आहेत. जुन्या, अरुंद मैदानात दर कमी केले आणि काउंटर तेवढेच राहिले, तर फक्त रांग वाढेल.

चव सुधारता येते का?

येते, पण क्लबने मनावर घ्यावे लागते. इंग्लंडमधील फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स या छोट्या क्लबने २०१५ पासून मैदानावरील सगळे खाणे वीगन केले. म्हणजे मांसाबरोबर दूध-अंडीही नाहीत. नॉर्विच सिटीत पाककृतींच्या पुस्तकांमुळे घराघरांत पोहोचलेल्या डेलिया स्मिथ यांनी क्लबच्या सहमालक म्हणून केटरिंगमध्ये जातीने लक्ष घातले.

ब्राझीलमधील साल्वादोर शहरात वाद वेगळाच झाला. चवळीच्या वाटणाचा, पाम तेलात तळलेला ‘अकाराजे’ हा वडा विकणाऱ्या महिला तिथल्या मैदानाची ओळख. २०१४ च्या विश्वचषकासाठी फिफाच्या नियमांमुळे त्यांना परिसरातून हटावे लागेल, अशी भीती निर्माण झाली. त्यांनी आंदोलन केले आणि विक्रीची परवानगी मिळवली.

भारतात प्रेक्षकांचा हक्क काय?

नवी मुंबईचे डी. वाय. पाटील स्टेडियम असो की गोव्यातील फातोर्डा, मैदानात विकल्या जाणाऱ्या सीलबंद पाकिटांना आणि बाटल्यांना वैधमापनशास्त्राचे २०११ चे नियम लागू होतात. किरकोळ विक्रेत्याला छापील कमाल किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. एकाच वस्तूवर ठिकाण पाहून दोन वेगवेगळ्या कमाल किमती छापण्यासही १ जानेवारी २०१८ पासून मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिलेली सवलत हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये सेवेसह दिल्या जाणाऱ्या पाण्यापुरती होती.

मैदानात तयार होणाऱ्या वड्याला किंवा सँडविचला मात्र छापील किंमत नसते, त्यामुळे तिथे हा नियम उपयोगी पडत नाही. बाटलीवर जादा पैसे मागितल्यास बिल मागावे, छापील किमतीचा फोटो काढावा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करावी.